दिवसा झोपणाऱ्यांचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उपनगरांतल्या रात्रीच्या गोंगाटावर आपल्या दैनिकात मागच्या आठवड्यात सविस्तर लेख आला. रात्री उशिरा कुणी काय वाजवू नये, तक्रार कुठे करावी, आवाज मोजतात कसा, सगळं नीट दिलं होतं. त्या लेखाशी माझं भांडण नाही. रात्रीचा गोंगाट मला फारसा ठाऊकही नाही म्हणा, कारण आठवड्यातल्या बऱ्याचशा रात्री मी घरी नसतेच. मी एका रुग्णालयाच्या आयसीयूत परिचारिका आहे आणि नोकरीचा मोठा भाग नाइट ड्यूटीतच गेला आहे. माझी रात्र सकाळी नऊच्या सुमाराला सुरू होते आणि दुपारी चारला संपते. म्हणजे संपायला हवी. त्या लेखात या रात्रीबद्दल एक ओळही नव्हती, म्हणून हे पत्र.

उपनगर म्हणजे झोपायला यायची जागा, हे गृहीतच धरलेलं असतं. सकाळी शहरात कामाला जायचं, रात्री परत यायचं. याचा दुसरा अर्थ असा होतो की दिवसा इथे कुणी नसतं. मग जे काही खणायचं, ठोकायचं, कापायचं, घासायचं असेल ते दिवसा उरकून घ्या, म्हणजे कुणाला त्रास नको! आमच्या इमारतीच्या समितीने हेच वाक्य जवळजवळ याच शब्दांत नोटीस बोर्डावर लावलं होतं. मी त्याच्यापुढे उभी राहून ते दोनदा वाचलं. त्या 'कुणाला'मध्ये मी नव्हते. रात्रपाळीचे पोलीस, रेल्वेची माणसं, अग्निशमन दलाचे जवान, कारखान्यांतले कामगार यांच्यातलंही कुणी नव्हतं. आणि हो, हे पत्र तुम्ही छापलंत तर ते ज्या छापखान्यातून रात्री बाहेर पडेल तिथले तुमचेच लोकही नव्हते. शिवाय दिवसा घरी असलेली तान्ही बाळं, ऑपरेशन होऊन परतलेले रुग्ण, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं. दिवसा उपनगर रिकामं असतं हे सकाळी बाहेर पडणाऱ्यांना वाटतं, राहणाऱ्यांना विचारा.

आवाज मोजण्याबद्दल लेखात जे होतं त्यात थोडी भर घालते. युरोपीय संघाचा 2002 सालचा ध्वनिविषयक निर्देश आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 सालच्या युरोपसाठीच्या मार्गदर्शक सूचना, या दोन्हींत चोवीस तासांचा मिळून एक आकडा काढतात. रस्त्यावरच्या रहदारीसाठी तो 53 डेसिबलच्या खाली असावा, असं संघटना सांगते. हा आकडा काढायची रीत मजेशीर आहे. सकाळी सात ते संध्याकाळी सात हा दिवस, सात ते अकरा संध्याकाळ आणि अकरा ते सकाळी सात रात्र, अशी विभागणी असते. संध्याकाळच्या आवाजात पाच डेसिबल जास्तीचे धरतात आणि रात्रीच्या आवाजात दहा, कारण विश्रांतीच्या वेळी तोच आवाज जास्त लागतो. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट आणि कानाला साधारण दुप्पट मोठा वाटणारा आवाज, हे लक्षात घेतलं तर ही भर केवढी आहे ते कळेल. दिवसाच्या खात्यात मात्र काहीच वाढवत नाहीत. म्हणजे माझ्या ऐन मध्यरात्री, सकाळी साडेअकराला, माझ्या खिडकीखालचा आवाज भरदिवसाचा म्हणून मोजला जातो. नियम करणाऱ्यांनी वाईट हेतूने केलं असं मी म्हणत नाही. बहुसंख्य लोक रात्रीच झोपतात. पण उरलेल्यांसाठी एखादी तळटीपसुद्धा नाही, हे मला खुपतं.

त्यातून दिवसाची झोप मुळातच कच्ची असते. सकाळी शरीराचं तापमान चढायला लागतं, आतलं घड्याळ उठ उठ म्हणत असतं. कितीही जाड पडदे लावा, शरीराला उजाडल्याचं कळतंच. म्हणून रात्रपाळीवाल्यांची झोप कमी भरते आणि सहज मोडते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2007 मध्ये शरीराचं घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं आणि 2019 मध्ये रात्रपाळीबद्दल तेच मत पुन्हा दिलं. घाबरवायला सांगत नाही; मी स्वतः रोज तिथेच जाते. सांगायचं एवढंच की दिवसा झोपणारा माणूस आळशी नसतो. आमच्या मजल्यावरच्या एक आजी मला अजूनही "दुपारपर्यंत झोपतेस बाई तू" म्हणतात. प्रेमाने म्हणतात, पण दार वाजवून म्हणतात.

आता मुद्द्यावर येते. माझी तक्रार आवाज मोठा असण्याबद्दल नाहीच. मुख्य रस्त्यावरची रहदारी दिवसभर घोंघावत असते, तिची सवय झाली आहे. झोप मोडतो तो अधूनमधून येणारा, कशाची तरी सूचना देणारा किंवा पुढच्या आवाजाची वाट पाहायला लावणारा आवाज. हा काही माझा शोध नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलं आहे. अखंड आवाजापेक्षा थांबून थांबून येणारा आणि एकदम दचकवणारा आवाज रुग्णाला जास्त बाधतो. ज्या आवाजाने मनात अपेक्षा जागी होते तो सगळ्यात वाईट. खोलीत रुग्णाच्या समोर कुजबुजत बोलण्यावर त्यांचा फार राग होता, कारण मग रुग्ण नाइलाजाने कान देऊन ऐकत राहतो. आम्हाला शिकताना हे पाठ करावं लागलं होतं. उपनगरात राहायला आल्यावर ते पटलं.

ड्रिलिंगचं घ्या. आमच्या इमारतीत कुठल्या ना कुठल्या घरात नूतनीकरण चालूच असतं. जुन्या फरश्या फोडतात, भिंतीत पाइप नेतात, मग नव्या फरश्या बसवतात, मग त्या आवडत नाहीत. काँक्रीटमधून आवाज हवेतल्यापेक्षा साधारण दहापट वेगाने जातो आणि फार कमी विरतो. त्यामुळे प्रत्येकाला वाटतं की काम आपल्याच शेजारी चाललंय. चौथ्या मजल्यावरचे काका तावातावाने पाचव्यावर जाऊन भांडून आले. काम दुसऱ्या मजल्यावर निघालं. कानात बोळे घालून उपयोग होत नाही, कारण बोळे हवेतून येणारा आवाज अडवतात, आणि हा भिंतीतून, पलंगाच्या पायांतून, उशीतून थेट दाढेपर्यंत पोचतो. पण खरा छळ ड्रिल चालू असताना होत नाही, बंद पडल्यावर होतो. संपलं का? की बिट बदलताहेत? डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा घर्रर्र.

एकदा मी खाली जाऊन त्या कामाच्या मुकादमाशी बोलले. भला माणूस होता. म्हणाला, "सिस्टर, मी तर सकाळी आठलाच सुरू करून साडेदहाला तोडफोड संपवली असती. मग दिवसभर माल कालवायचा, फरशी बसवायची, त्याला काय आवाज असतो? पण तुमच्याच समितीचा नियम आहे, फोडकाम दहाच्या आधी करायचं नाही." म्हणजे ज्या वेळेत मी झोपायचा प्रयत्न करते, नेमक्या त्याच वेळेत ठोकायची सक्ती, आणि तीसुद्धा कुणाची झोप मोडू नये म्हणून! मी समितीला पत्र दिलं की सगळ्या फोडकामाची वेळ एकसलग दोन-तीन तासांची ठरवा, ती आदल्या दिवशी लिफ्टपाशी लिहा आणि बाकीचा वेळ फक्त बिनआवाजाचं काम करू द्या. वेळ कुठली का असेना. कधी सुरू होणार आणि कधी थांबणार हे कळलं तर मी त्याप्रमाणे झोपेन. या पत्रावर चर्चा झाली म्हणे. 'अव्यवहार्य' असा शेरा पडला. दिवसभर केव्हाही ठोका, हे व्यवहार्य.

दुसरी गोष्ट, मागे येणाऱ्या गाड्यांची टीं-टीं. आमची गल्ली पुढे बंद आहे आणि शेवटाला गाडी वळवायला जागा सोडलेली नाही. त्यामुळे आत आलेलं प्रत्येक मोठं वाहन बाहेर जाताना रिव्हर्समध्येच जातं: पार्सलच्या व्हॅन, कचऱ्याचा ट्रक, गॅसची गाडी, सामान हलवणारे टेंपो. गल्ली आखणाऱ्याने शेवटचे काही मीटर वाचवले आणि त्याचा मोबदला आम्ही कानांनी देतो आहोत. हा भोंगा 1963 मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा तयार झाला आणि पुढे जगभर पसरला. माणसं चाकाखाली येऊ नयेत म्हणून तो आहे, तो बंद करा असं म्हणायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. अपघाताचे पेशंट माझ्या वॉर्डात येतात.

पण तो भोंगा एकाच सुराचा असतो, साधारण हजार-बाराशे हर्ट्‌झच्या आसपासचा, आणि एकाच सुराचा आवाज नेमका कुठून येतोय हे आपल्या कानांना नीट सांगता येत नाही. दिशा ओळखायला मेंदू दोन युक्त्या वापरतो: आवाज कुठल्या कानाला आधी पोचला आणि कुठल्या कानाला जास्त जोरात ऐकू आला. पहिली युक्ती खालच्या सुरांना चालते, दुसरी वरच्या, आणि भोंग्याचा सूर नेमका दोन्हींच्या मधे पडतो. आवाजात सगळे सूर मिसळलेले असले की दोन्ही चालतात. म्हणून आता अशा भोंग्यांत 'शश्श-शश्श' करणारा, खरखरीसारखा प्रकार मिळतो. मागे उभ्या असलेल्या माणसाला तो गाडी कुठे आहे हे जास्त चांगलं सांगतो आणि थोडं लांब गेलं की रहदारीत मिसळून जातो. टीं-टीं मात्र तिसऱ्या मजल्यावर बंद खिडकीतून ऐकू येते. जो धोक्यात आहे त्याला दिशा कळत नाही आणि ज्याचा संबंध नाही तो जागा होतो. पालिकेने निदान स्वतःच्या कचरागाड्यांवर खरखरीचे भोंगे लावावेत. नव्या गाड्या घेताना मागणीपत्रात एक ओळ वाढवायची आहे.

सूचना देणाऱ्या आवाजांबद्दल आम्ही आयसीयूवाले जरा जास्तच बोलतो, त्याला कारण आहे. आमच्याकडे प्रत्येक पलंगाशी मॉनिटर, व्हेंटिलेटर, औषधांचे पंप. सगळे वाजतात. बोटाला लावलेला प्रोब जरा सरकला तरी वाजतो, पेशंटने कूस बदलली तरी वाजतो. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने 2013 मध्ये यावर इशारा काढला होता. जानेवारी 2009 ते जून 2012 या काळात यंत्रांच्या अलार्मशी संबंधित 98 घटना त्यांच्याकडे नोंदल्या गेल्या. त्यांतल्या 80 मध्ये रुग्ण दगावला. वाजणाऱ्या अलार्मपैकी 85 ते 99 टक्के असे असतात की त्यावर काही करायची गरजच नसते, असाही अंदाज त्यात दिला होता. काही न करायच्या वेळी यंत्र इतकं वाजतं की करायच्या वेळी वाजलेलं कानाआड होतं. याला आम्ही अलार्म फटीग म्हणतो. त्यावर उपाय झाले ते आवाज वाढवून नव्हे. प्रत्येक पेशंटप्रमाणे मर्यादा बसवा, छातीला चिकटवलेली इलेक्ट्रोड रोज बदला, आपोआप ठीक होणाऱ्या गोष्टींवर काही सेकंद थांबून मगच वाजू द्या, नको ते बंद करा. आमच्या वॉर्डात हे केलं तेव्हा नवीन मुलींना पहिल्यांदा भीती वाटली. आता त्याच मुली एखादा अलार्म वाजला की खरंच धावतात.

रुग्णालय हे शिकलं. उपनगर अजून उलट्या दिशेने चाललं आहे. समोरच्या इमारतीच्या वाहनतळावर एका मोटारीचा चोरीचा अलार्म मांजर बॉनेटवर चढलं तरी बोंबलतो. आजवर त्या आवाजाने कुणी चोर पळालेला मी पाहिला नाही आणि कुणी मालक धावत आलेलाही नाही. फाटक उघडताना वाजतं आणि मिटतानाही वाजतं. लिफ्टमधली बाई दार बंद करा म्हणून विनवत राहते. कपडे धुवायची यंत्रं काम झाल्याचं गाणं वाजवून सांगतात, तेही शेजारच्यांना ऐकू जाईल इतक्या कौतुकाने. यातला एकेक आवाज कुणीतरी भल्या हेतूने बसवलेला आहे. सगळे मिळून कुणीच कशाकडे लक्ष देत नाही. उद्या खरंच कुठे आग लागली आणि भोंगा वाजला तर आमच्या गल्लीत किती खिडक्या उघडतील, याची मला शंका आहे.

गटाराच्या झाकणाबद्दल न लिहिता पत्र संपवणं मला शक्य नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, मुख्य रस्त्यावर, एक लोखंडी झाकण सैल आहे. पुढचं चाक गेलं की 'खड', मागचं गेलं की 'खट'. मोटार असेल तर दोन्हींत अर्धा क्षण जातो, बस असेल तर चांगलाच वेळ. पडल्यापडल्या मी पहिला आवाज ऐकते आणि दुसऱ्याची वाट बघते. तो आला की मोकळी. मग पुढची गाडी. कधीकधी मागचं चाक झाकण चुकवून जातं आणि दुसरा आवाज येतच नाही. तेव्हा माझी जी अवस्था होते ती नाइटिंगेलबाईंनाच कळली असती. गंमत म्हणजे ध्वनिमापक लावून चोवीस तासांचा आकडा काढला तर हे झाकण त्यात दिसणारही नाही. अर्ध्या क्षणाचा आवाज तो, सरासरीत बुडून जातो.

झाकण का वाजतं हे मी त्यावर काम करणाऱ्या माणसालाच विचारलं होतं. ज्या कडेवर झाकण टेकतं ती कड आणि झाकणाचा काठ, दोन्ही चाकांच्या माऱ्याने झिजतात. सगळीकडून सारखे झिजत नाहीत, मग झाकण डुगडुगतं, डुगडुगल्याने आणखी झिजतं. पालिकेची माणसं दोनदा येऊन भोवती डांबर थापून गेली. डांबराने चौकटीचा काठ घट्ट होतो, पण आतलं झाकण त्याच झिजलेल्या कडेवर हलत राहतं. उपाय असा की खाली रबरासारखी कडी बसवायची, किंवा दोन त्रिकोणी तुकड्यांचं झाकण आणायचं. त्यातला प्रत्येक तुकडा तीनच ठिकाणी टेकतो, म्हणून हलत नाही. तीन पायांचं स्टूल कितीही ओबडधोबड जमिनीवर ठेवा, डुगडुगत नाही, तेच. अशी झाकणं नवीन नाहीत, पुष्कळ ठिकाणी रस्त्यांवर असतात. आमच्याकडे मात्र झाकणाची तक्रार 'रस्ते' खात्याकडे दिली की ती 'मलनिस्सारण'कडे जाते आणि तिथून 'डांबरीकरण झाल्यावर पाहू' असं उत्तर येतं. डांबरीकरण झालं. झाकण तसंच आहे, फक्त आता रस्ता गुळगुळीत झाल्याने गाड्या जास्त वेगाने येतात.

दाराच्या घंटेचं थोडक्यात. मी दारावर पाटी लावली आहे: 'रात्रपाळीचा माणूस झोपला आहे, कृपया घंटा वाजवू नये, पार्सल बाहेर ठेवावे.' परवा एका पार्सलवाल्या मुलाने घंटा वाजवली. दार उघडून मी पाटीकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "हो मॅडम, वाचली. नक्की बाहेरच ठेवू ना, एवढंच विचारायचं होतं." मला हसू आलं. त्याची चूकही नाही. त्याच्या यंत्रावर पोच घेतल्याचा आकडा टाकल्याशिवाय पुढची डिलिव्हरी उघडत नाही. तो आकडा माझ्या फोनवर येतो आणि फोन मी झोपताना बंद ठेवते. ही पद्धत ज्यांनी बसवली त्यांनीही घरातला माणूस दिवसा एकतर जागा असेल नाहीतर बाहेर असेल, असंच धरलं आहे.

शेजारच्या घरातल्या कुत्र्याबद्दल मला राग नाही. मालक कामाला गेले की ते पहिला अर्धा तास जीव तोडून भुंकतं, मग थकून गप्प होतं. एकटं राहायची भीती वाटणाऱ्या कुत्र्यांचं बहुतेक असंच असतं. मालक-मालकिणीला याचा पत्ताच नव्हता, कारण ते असताना कुत्रं भुंकतच नाही. मी एक दिवस फोनवर आवाज टिपून त्यांना ऐकवला. त्यांचे चेहरे पडले. आता ते त्याला थोडा थोडा वेळ एकटं सोडायची सवय लावताहेत आणि ती लागतेही आहे. ज्याला आपला त्रास ऐकू आला तो माणूस सुधारला, बाकी जे आहेत त्यांना तो ऐकूच जात नाही.

पदपथावर चढवलेल्या मोटारींबद्दल आपल्याकडे पुष्कळ पत्रं येत असतील, मी जागा अडवत नाही. लंडनमध्ये पदपथावर गाडी उभी करायला 1974 पासून बंदी आहे, एवढंच नोंदवते.

बसबद्दल मात्र चार ओळी लिहू द्या, कारण ड्यूटीवरून सुटून घरी पोचायला जेवढा उशीर, तेवढी माझी रात्र आखूड. सकाळच्या वेळी फलकावर दहा-दहा मिनिटांनी बस लिहिलेली असते. प्रत्यक्षात अर्धा तास काही नाही आणि मग एकापाठोपाठ एक तीन. थांब्यावर लोक चालकांना शिव्या देतात. त्यात चालकांचा दोष फार थोडा असतो. पहिल्या बसला थोडा उशीर झाला की पुढच्या थांब्यावर जास्त माणसं साठतात, त्यांना चढायला जास्त वेळ लागतो, बस आणखी मागे पडते. तिच्या मागच्या बसला माणसंच कमी मिळतात, ती वेगाने येऊन पहिलीला गाठते. हे गणित 1964 मध्येच दोन संशोधकांनी मांडून दाखवलं आहे. उतारा म्हणजे मधल्या एखाद्या थांब्यावर मागच्या बसला दोन-तीन मिनिटं धरून ठेवायचं आणि अंतर सारखं करायचं. त्यासाठी नवी बस लागत नाही, घड्याळ पाहणारा एक माणूस लागतो. पूर्वी आमच्या मार्गावर तसा माणूस असायचा. त्याच्या जागी आता पडदा आहे, त्यावर बस किती मिनिटांनी येणार ते दिसतं. आकडा कमी होत होत एकवर येतो आणि एकवरच थांबतो.

माझी मागणी फार मोठी नाही. शांतता पाळा, दिवसा कुणी काही करू नका, असं मी म्हणत नाही. शहर चालायला हवं आणि त्यातलं बरंचसं काम दिवसाच व्हायला हवं. पण पालिकेने रस्ता खणायची, झाडं छाटायची, गवत कापायची वेळ ठरवताना ती आदल्या दिवशी त्या गल्लीला कळवावी आणि मग ती पाळावी. इमारतींच्या समित्यांनी ठोकायची वेळ सलग आणि जाहीर ठेवावी. इमारतीत रात्रपाळीची घरं कुठली हे एकदा विचारून घ्यावं. आमच्या इमारतीत मी सहज चौकशी केली तर माझ्याशिवायही घरं निघाली, आणि त्यांतलं कुणीच आजवर बोललं नव्हतं, कारण दिवसा झोपतो हे सांगायचीच लाज वाटते. आणि जे अधिकारी आवाजाची तपासणी करतात त्यांनी ध्वनिमापक घेऊन एखाद्या सकाळी साडेअकराला आमच्या गल्लीत यावं. आकडा कितीही येवो. तो लिहून घेताना झाकणावरून जाणारी पुढची गाडी होईपर्यंत थांबावं.

आपल्या लेखातल्या तज्ज्ञांना या बाबतीत काही म्हणायचं असेल तर ते वाचायला मला आवडेल. पत्र मोठं झालं आहे. काटछाट करायची असेल तर पदपथाचा परिच्छेद काढा, झाकणाचा काढू नका.

खातरजमेसाठी आपल्या कार्यालयातून फोन येतो असं ऐकलं आहे. तो कृपया दुपारी चारनंतर करावा.

आपली,
रात्रपाळीची एक परिचारिका
(नाव छापू नये, ही विनंती)